फोन की कॅमेरा?

मुलांनो, रोजचे फोटो काढण्यासाठी फोन चांगला की वेगळा कॅमेरा, असा प्रश्न तुम्हांला पडत असेल.

दोन्हींत भिंगातून प्रकाश आत येतो आणि सेन्सरवर पडतो. फोनचा सेन्सर नखाएवढा लहान असतो. फुलफ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे ३६ × २४ मिलीमीटर असतो. तो जास्त प्रकाश टिपतो. अंधूक खोलीत फोन अनेक फोटो एकत्र जोडून ही उणीव भरून काढतो. पण माणूस हलला की चित्र पुसट होऊ शकते.

ठाणे खाडीतील रोहित पक्षी फोनमध्ये ठिपक्यांसारखे दिसतात. कॅमेऱ्याला दूरचे टिपणारे मोठे भिंग लावता येते.

म्हणून आपली गरज ओळखा. ईदची गडबड, फळ्यावरचे गणित, मित्रांचा घोळका यांसाठी फोन पुरेसा आहे. शेजाऱ्याकडे कॅमेरा आहे म्हणून अब्बांकडे हट्ट धरू नका. पक्षी किंवा खेळ टिपण्याची खरी आवड असेल, तरच कॅमेऱ्याचा विचार करा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. फोन हरवला, तर त्यातले फोटोही जाऊ शकतात. दादीजानचा एक चांगला फोटो आजच छापून घ्या.

शब्दार्थ : अंधूक – कमी उजेडाची, उणीव – कमतरता, पुसट – अस्पष्ट.

प्रश्न : कॅमेरा केव्हा घ्यावा?