पाचवीचे पाच दिवस आणि बाळाच्या हृदयाजवळची नळी

बाळ जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवाई येते व कपाळी नशीब लिहून जाते, ही समजूत आपल्या मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे प. पू. डॉ. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. तरी आपल्यातील काही घरांत पाचवी अजून पूजली जाते. बाळ दगावले की 'एवढेच लिहिले होते' म्हणून सारे गप्प बसतात. मात्र याच दिवसांत बाळाच्या छातीत खरोखरच एक मोठी घडामोड होत असते. तिची ओळख व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गर्भात बाळाची फुप्फुसे श्वासाचे काम करीत नाहीत. प्राणवायू आईच्या वारेतून मिळतो. म्हणून फुप्फुसांकडे निघालेले बरेचसे रक्त एका आखूड नळीने परस्पर महारोहिणीत जाते. वैद्यकात हिला 'डक्टस आर्टेरिओसस' म्हणतात. बाळाने पहिला टाहो फोडला की फुप्फुसे फुगतात, रक्तातील प्राणवायू वाढतो, नळी उघडी ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य कमी होते आणि नळीचे स्नायू आखडू लागतात. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात ती साधारण दोन-तीन दिवसांत मिटते. पुढे काही आठवड्यांत तिचा नुसता दोरा उरतो.

काहींची नळी उघडीच राहते. अशी नळी बांधण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १९३८ साली बोस्टन येथे डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या मुलीवर केली. काही बाळांत मात्र नळीच्या भिंतीला फुगवटा येतो, सायकलच्या जुन्या ट्यूबला येतो तसा. हाच एन्युरिझम. पुष्कळदा तो आपोआप आकसतो व कोणाला कळतही नाही. पण फुग्यात रक्त रेंगाळते आणि रेंगाळलेले रक्त साकळते. ही गुठळी फुप्फुसाच्या धमनीत किंवा महारोहिणीत वाढली, अथवा तुकडा सुटून पुढे गेला, तर जिवावर बेतते. क्वचित फुगा फुटतो, त्यात जंतुसंसर्ग होतो, किंवा स्वरयंत्राच्या नसेवर दाब येऊन बाळाचे रडणे घोगरे होते.

अत्यवस्थ बाळाच्या रक्तवाहिनीत घातलेल्या बारीक नळीमुळेही गुठळी होऊ शकते. म्हणून उपचारच नको, असे मात्र कोणी समजू नये. तीच नळी बाळाला जगवीत असते.

निदान टू-डी इको तपासणीने होते. त्यात सुई नाही, चिरफाड नाही. लहान फुगा डॉक्टर नुसता नजरेखाली ठेवतात. गुठळी असल्यास रक्त साकळू न देणारे औषध किंवा शस्त्रक्रिया ठरवितात.

घरच्यांनी काय पाहावे? दूध ओढताना बाळ थकते, घामाघूम होते, धाप लागते, ओठ-जीभ निळसर दिसतात, एखादा पाय थंड व फिका पडतो. हृदयाचे इतर दोषही अशीच लक्षणे दाखवितात, तेव्हा रोगाचे नाव आपण ठरवू नये आणि अंगारा-धुपाऱ्यात एक रात्रही घालवू नये. सरळ दवाखाना गाठावा.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते आणि जन्मजात हृदयदोषाचा त्यात समावेश आहे. जिंतूर-पालमकडच्या खेड्यातील मजुरालाही तो लागू आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्या आल्या की बाळाला दुपट्यातून मोकळे करून दाखवावे आणि ते दूध कसे पिते, हे बाळंतिणीला स्वतः सांगू द्यावे.