स्पीकर विकण्याआधी खोली ऐका

व्हिडिओतल्या पायऱ्या इथे लिहून देतोय. ग्राहकाच्या घरी जाताना मोबाईलवर उघडून ठेवा.

ग्राहक म्हणतो, "गाणं घुमतं, मोठे स्पीकर द्या." दिले, तरी घुमणं तसंच राहतं आणि तो माणूस परत दुकानाची पायरी चढत नाही. दोष बरेचदा खोलीचा असतो. आपल्याकडे चिऱ्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा, खाली गुळगुळीत लादी. आवाज शोषायला काहीच नाही!

१. टाळी वाजवा. मागून झणझण ऐकू आली तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींत आवाज ये-जा करतोय.

२. जागा बदला. खर्च शून्य. दोन स्पीकर आणि ऐकणारा, तिघांचा समभुज त्रिकोण करा. ट्वीटर कानाच्या उंचीवर ठेवा. खुर्ची भिंतीला टेकवू नका आणि अगदी मधोमधही नको. १२ फूट लांब खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा बेस भिंतीपाशी फुगतो, मध्यावर जवळजवळ गायब होतो. मागच्या भिंतीपासून चारेक फूट पुढे बसवून बघा.

३. आरसा फिरवा. ग्राहकाला खुर्चीत बसवा, तुम्ही बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्या. त्याला जिथे स्पीकर दिसेल, तिथे पॅनेल लावायचं. पुढे जमिनीवर जाड गालिचा.

४. पॅनेल आंबोलीला टिकेल असं करा. इथे पावसाळ्यात भिंतीला चिकटवलेला फोम ओल धरतो, मागे बुरशी येते. म्हणून लाकडी चौकटीत रॉकवूल, वर हवा आरपार जाणारं कापड (फुंकर मारून तपासा). चौकट भिंतीपासून दोन इंच सोडून खिळ्याला अडकवा. मागे वारा खेळतो, उघडीप मिळाली की काढून सुकवता येते. शिवाय त्या फटीमुळे खालचे सूरही जास्त शोषले जातात. अंड्याचे ट्रे मात्र विसरा.

५. काय होणार नाही तेही सांगा. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज या पॅनेलने थांबत नाही. तो छताचा, वेगळ्या खर्चाचा विषय. हे आधीच लिहून द्या. गाव लहान असतं, एक नाराज ग्राहक दहा घरांत बोलतो.

आता धंद्याचं गणित. पाहणीची फी वेगळी, पॅनेलचा दर वेगळा ठेवा. काम करण्याआधी आणि नंतर, मोबाईल त्याच जागी ठेवून तेच गाणं रेकॉर्ड करा. फरक ग्राहकाला स्वतःच्या कानांनी ऐकू द्या. जागा बदलूनच काम भागलं, तर फी घ्या आणि पॅनेल विकू नका. पुढचा ग्राहक तोच पाठवेल.

गृहपाठ: आज स्वतःच्या घरात टाळी आणि आरसा, दोन्ही करून बघा.