जुगार : नशिबाच्या दाराकडे परतीची वाट



नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. तो असा : "बावीस प्रतिज्ञांत दारू पिणार नाही असे आहे, चोरी करणार नाही असे आहे, पण जुगाराचे नाव त्यांत नाही, पंचशीलातही नाही. मग चार मित्रांत पत्त्यांचा डाव मांडला, दहा रुपयांचा आकडा लावला, तर धम्माचे काय बिघडले?"

प्रश्न रास्त आहे. जुगाराचे नाव या दोन्ही ठिकाणी वेगळे आलेले नाही, हे खरे. परंतु धम्म हा कोर्टातल्या कलमांसारखा वाचायचा नसतो. जे नाव घेऊन मना केले नाही ते सारे मोकळे, असे धम्मात नाही. शिवाय गृहस्थाने कसे जगावे हे भगवंतांनी एका ठिकाणी सविस्तर सांगितले आहे, आणि तेथे जुगाराचे नाव स्पष्ट आले आहे.

सिगालाला दिलेला उपदेश

राजगृहाजवळच्या वेळुवनात भगवान बुद्ध राहत असताना सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना हात जोडत होता. कशासाठी, हे त्याला ठाऊक नव्हते. मरताना बापाने सांगितले म्हणून तो करीत होता. भगवंतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला आणि घरातील संपत्ती नाहीशी होण्याच्या सहा वाटा दाखविल्या. मद्यपान, अवेळी भटकणे, खेळतमाशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस, अशा त्या सहा वाटा. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात हा उपदेश आहे. त्यात जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत :

१. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते.
२. हरणारा गेलेल्या धनाचा शोक करीत बसतो, आणि ते परत काढण्यासाठी पुन्हा डाव लावतो.
३. हातातले धन डोळ्यांदेखत जाते.
४. चारचौघांत त्याच्या शब्दाला वजन राहत नाही. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब त्याच्या हाती कोण देईल?
५. मित्र आणि सहकारी त्याला तुच्छ लेखतात.
६. त्याच्या घरी सोयरीक करायला कोणी तयार होत नाही. कारण जुगारी बायकोला पोसू शकणार नाही, हे लोक जाणतात.

या सहांत देवाचा कोप नाही, नरकाची भीती नाही. सारे परिणाम याच जन्मी, आपल्याच गल्लीत पाहता येतात. पाहा आणि खात्री करून घ्या, अशीच धम्माची रीत आहे.

आकड्याचे गणित

मटका मुंबईत वाढला तो १९६० नंतरच्या वर्षांत. आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर आकडे लावले जात; पुढे मडक्यातून चिठ्ठ्या काढू लागले, त्यावरून मटका हे नाव पडले. त्याचा हिशेब शाळकरी मूलही करू शकेल. शून्य ते नऊ असे दहा आकडे. आकडा लागला तर रुपयाला साधारण नऊ रुपये मिळतात. रोज दहा रुपये लावणाऱ्याचे शंभर दिवसांत हजार रुपये जातात. सरासरीने दहा वेळा आकडा लागला तरी हाती येतात नऊशे. खेळ अगदी प्रामाणिक चालला तरीही शंभर रुपये गेले! जोडीचेही तसेच : शंभर जोड्या, आणि देणे नव्वद पट. एखादा दिवस आपला असेल, पण वर्ष मटकेवाल्याचेच असते.

मोबाईलवरील रमी आणि क्रिकेटच्या पैजा ही याच झाडाची फांदी आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. त्यांची जाहिरात करणेही त्यात गुन्हा ठरविले आहे. तरी चोरवाटा असतातच, म्हणून पहारा आपल्या मनावर हवा. खेळाला मात्र धम्माचा विरोध नाही. आपल्या जिल्ह्यातील श्रीरामपूरचा झहीर खान २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेऊ शकला, तो घामाच्या बळावर. त्याच सामन्यावर पैसे लावणाऱ्याने मात्र काहीच मेहनत केलेली नसते.

खरी हानी कोणती?

पैसा जातो ही मोठी हानी खरी, पण त्याहून मोठी एक आहे. आकडा लावणारा माणूस काय करतो ते पाहा. रात्रीच्या स्वप्नाचा आकडा काढतो. गाडीच्या नंबरात खूण शोधतो. कोणा बाबाने दिलेल्या अंगाऱ्यात आकडा पाहतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला ज्या नशिबाच्या, प्राक्तनाच्या दारातून बाहेर काढले, त्याच दाराशी हा पुन्हा हात जोडून उभा राहतो. भिंतीवरचे देव गेले आणि खिशात नशीब आले, तर दीक्षा कसली? आपले भले आपल्या कर्माने, शिक्षणाने आणि संघटनेने होते, हा आपला विश्वास आहे. जुगार नेमका त्याच्यावर घाव घालतो.

बाबासाहेबांनी 'प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांती' या लेखनात आर्य समाजातील जुगाराचे वर्णन केले आहे. राजवाड्याला जोडून द्यूतगृहे असत, राज्ये आणि बायका पणाला लागत, आणि कृत, त्रेता, द्वापर, कली ही युगांची नावे मुळात फाशांची होती, असे त्यांनी दाखविले आहे. ज्या समाजात धर्मराज म्हणविणारा पत्नीला पणाला लावतो, त्या समाजाला भगवंतांनी शील शिकविले.

बायको पणाला लावणे ही फक्त महाभारतातली गोष्ट आहे का? आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. मुकादमाची उचल दोघांच्या घामावर घेतलेली असते. ती उचल दिवाळीच्या तिरटात गेली, तर पहाटेच्या थंडीत मोळी उचलणाऱ्या बाईचे पुढचे पाच-सहा महिने पणाला लागले. तिला विचारले होते का? हरलेला डाव तिने फेडायचा! न दिलेले घेणार नाही, या शीलाचा हा उघड भंग आहे.

आणखी एक. चिठ्ठ्या लिहून, आकडे सुचवून, पोरांना खेळाची गोडी लावून कमिशन मिळविणारे म्हणतात, "मी स्वतः खेळत नाही." पण दुसऱ्याच्या घरातील चूल विझवून आपली पेटविणे ही सम्यक आजीविका नव्हे.

घरात काय करावे?

भगवंतांनी सिगालाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले : एक घरखर्चाला, दोन कामधंद्याला, एक अडचणीसाठी शिल्लक. पगार किंवा उचल हाती येताच नवरा-बायकोने मिळून हे भाग करावेत. शिल्लक भाग बँकेत किंवा बचत गटात ठेवावा.

घरातील कोणी या नादात अडकला असेल तर त्याला मारू नका, वाळीत टाकू नका. सगळे कर्ज एकदा कागदावर मांडा. डावासाठी उसने देऊ नका. त्याला रविवारी विहारात आणा, जुनी संगत सुटेल अशी नवी संगत द्या. कर्जाच्या ओझ्याखाली कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. सरकारच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मनाच्या आजाराचे जाणकार बोलतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. सहा दुष्परिणामांपैकी कोणते आपल्या वस्तीत दिसतात?
२. मागील महिन्याच्या मिळकतीचे आपण किती भाग केले?
३. नशीब आणि कर्म यांतील फरक मुलांना कसा समजावून सांगाल?

घरातील सर्वांनी, विशेषतः मायभगिनींनी, एकत्र बसून यावर बोलावे. पणाला लावायचेच असेल तर आपले श्रम आणि आपली बुद्धी लावू. तिथे हरलो तरी शिकतो, आणि जिंकलो तर कोणाचे घर उजाड होत नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!