आवाजातून मैदान दाखवणारे बॉबी तल्यारखान

आज मुलं मोबाईलवर सामना बघतात. पण मैदान डोळ्यांना दिसतच नसेल तर? तेव्हा सगळी भिस्त एका आवाजावर असायची. भारतात हे काम सुरू केलं ते ए. एफ. एस. ऊर्फ बॉबी तल्यारखान (1897-1990) यांनी.

1934 साली मुंबईत चौरंगी स्पर्धेतला पारशी विरुद्ध मुस्लिम हा सामना होता. त्याचं धावतं वर्णन तल्यारखान यांनी रेडिओवरून केलं. भारतातल्या क्रिकेट समालोचनाची सुरुवात इथूनच मानतात. आवाज भारदस्त, इंग्रजीवर हुकमत आणि दम तर विलक्षण! जेवणाची आणि चहाची सुट्टी सोडली तर दिवसभर ते एकटेच बोलत.

मोठ्या वर्गात एक गोष्ट आवर्जून सांगा. त्या काळी हे संघ धर्मावरून पाडलेले असत : हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन. 1937 मध्ये 'इतर' हा पाचवा संघ आला आणि स्पर्धा पंचरंगी झाली. ज्या स्पर्धेने तल्यारखान यांना नाव दिलं, तिच्याच विरोधात पुढे त्यांनी लेखणी चालवली. खेळाडूंची वाटणी धर्मावरून होऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. 1946 मध्ये ही स्पर्धा बंद झाली. आपल्या फायद्याच्या गोष्टीलाही चूक म्हणता येतं का? मुलांना विचारून बघा, छान चर्चा होते.

त्यांची दुसरी बाजूही लपवू नका. माईक दुसऱ्याबरोबर वाटून घेणं त्यांना मान्य नव्हतं. 1948-49 मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला, तेव्हा आकाशवाणीला एकापेक्षा जास्त समालोचक हवे होते. तल्यारखान बाजूला झाले. एवढा मोठा आवाज, पण ऐन भरात रेडिओपासून दूर गेला. गटात काम करताना 'मीच बोलणार' म्हणणाऱ्या हुशार मुलाशी बोलायला हे उदाहरण उपयोगी पडेल.

पुढे बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी हेच समालोचन मराठीतून घरोघरी पोचवलं.

आता एक उपक्रम. मैदानावर खो-खो किंवा लंगडी चालू असताना एका मुलाला दोन मिनिटं धावतं वर्णन करायला सांगा. बाकीच्यांनी खेळाकडे पाठ करून ऐकायचं आणि मग कोण कुठे होतं ते कागदावर काढायचं. 'तो तिकडे गेला' असं वर्णन असेल तर चित्र जमतच नाही. नाव, दिशा, अंतर, क्रियापद हे सगळं नेमकं लागतं, हे मुलांना आपोआप कळतं. दोन मिनिटांनी माईक पुढच्याकडे द्यायचा, हा नियम मात्र पक्का ठेवा. घरी पालकांनी टीव्हीचा आवाज बंद करून हाच खेळ खेळावा.