दिवे आहेत, तरी भीती का वाटते?

प्रश्न : सेकंड शिफ्ट संपवून रात्री चिकलठाणा एमआयडीसीतून मुकुंदवाडीत परततो. जालना रोडवर काही वाटत नाही, पण गल्लीत शिरलं की धाकधूक सुरू होते. गल्लीतही एलईडी दिवे आहेत, चांगले प्रखर. आणखी जास्त वॅटचे बसवले तर गुन्हे कमी होतील का?
– एक वाचक, मुकुंदवाडी

उत्तर : नुसते वॅट वाढवून फारसं साधत नाही. उजेड सगळीकडे सारखा पडायला हवा.

रस्त्यावरच्या उजेडात डोळ्याची बाहुली आकसलेली असते. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. गल्लीत मात्र खांबाखाली लख्ख आणि दोन खांबांच्या मध्ये काळोख असतो. खांबाखालचा दिवा जितका प्रखर, तितका पुढचा काळोख गडद वाटतो आणि तिथे कोणी उभं असलं तरी दिसत नाही. त्यात दिवा तिरपा बसवला असेल तर डोळे दिपतात. समोरून येणारा ओळखीचा की परका, हे चार पावलं आधी कळलं, तरच माणूस निर्धास्त चालतो.

गुन्ह्यांचं म्हणाल, तर अनुभव संमिश्र आहे. न्यूयॉर्कमध्ये 2016 साली सरकारी वसाहतींपैकी काही चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून तिथे दिव्यांचे मनोरे उभारले. रात्री घराबाहेर होणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटले. शिकागोत मात्र 1998 ते 2000 दरम्यान गल्ल्यांतले 90 वॅटचे दिवे काढून 250 वॅटचे लावले, तर नोंदलेले गुन्हे 21 टक्क्यांनी वाढले. जास्त दिसू लागलं म्हणून तक्रारी वाढल्या असाव्यात, असा एक अंदाज आहे. पण ज्या गल्लीकडे कुणाची खिडकी, दुकान किंवा वर्दळ नाही, तिथे उजेडात दिसलेलं पाहणारं तरी कोण?

म्हणून महापालिकेकडे ‘दिवे वाढवा’ एवढाच अर्ज करू नका. रात्री गल्लीतून एक फेरी मारा. कुठल्या दोन खांबांमध्ये अंधार आहे, कुठे झाडाची फांदी दिव्याखाली आली आहे, कुठला दिवा डोळ्यांवर येतो, हे खांबाच्या क्रमांकासह लिहून द्या. फांदी छाटणं, दिव्याचा कोन खाली वळवणं ही कामं नवा खांब उभारण्यापेक्षा लवकर आणि स्वस्तात होतात.