यंत्र चालू, पण डेटाबेस उठत नाही



यंत्र चालू झाले, पण डेटाबेस सर्व्हर त्याच्याबरोबर उठला नाही, की दोष दोनपैकी एका जागी असतो. एक तर डेटाबेस धडधाकट असून त्याला उठवण्याची वेळ किंवा क्रम चुकलेला असतो; नाहीतर बिघाड त्याच्या स्वतःच्या घरात असतो: जागा संपलेली, परवानगी गेलेली, सेटिंग चुकलेले, फायली दुखावलेल्या. हे दोन वर्ग वेगळे करणारा प्रश्न साधा आहे. हाताने सुरू केला तर उठतो का? मात्र तो प्रयोग करण्याआधी लॉग वाचावा. आणि लॉग वाचून होईपर्यंत काही पुसू नये, काही हलवू नये, नव्याने इन्स्टॉल तर मुळीच करू नये.

दुर्गदबैलसारख्या पेठेत हा क्रम पाळणे अवघड जाते. हुबळीची ही जुनी, दाटीची बाजारपेठ. दुकाने अरुंद, सर्व्हर म्हणून ठेवलेला संगणक काउंटरखाली नाहीतर माळ्यावर, आणि यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली ते कोणाला आठवत नाही. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की लाइट जाते, येते, पुन्हा जाते. सकाळी शटर वर जाते तेव्हा बिलिंगच्या स्क्रीनवर ‘कनेक्ट होत नाही’ एवढेच दिसते आणि समोर गिऱ्हाईक उभे असते. अशा घाईत कोणीतरी हमखास सुचवतो की जुने काढून टाका, पुन्हा बसवा. तसे केले की सर्व्हर उठतोही, पण रिकामा. वर्षभराची उधारी, घाऊक व्यापाऱ्यांची देणी, जीएसटीची बिले त्या एका निर्णयात जातात. बंद पडलेला डेटाबेस बहुतेक वेळा वाचतो. तो मरतो तो अशा दुरुस्तीने.

छोट्या धंद्यांत नेहमी दिसणारी जोडी म्हणजे उबुंटू लिनक्स आणि त्यावर मायएसक्यूएल, किंवा मायएसक्यूएलमधूनच २००९ मध्ये वेगळा निघालेला मारियाडीबी. पुढचे विवेचन तिच्या आधाराने आहे. उबुंटूत २०१५ पासून सगळ्या सेवा उठवण्याचे काम सिस्टिमडी करते, म्हणून पहिली चौकशी तिथे करावी. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ या आज्ञेला सेवेचे नाव दिले की ‘फेल्ड’ हा शेरा दिसतो आणि खाली लॉगच्या शेवटच्या काही ओळी येतात. त्या ओळींवर निर्णय घेऊ नये. सेवा पडली की तिच्या सेटिंगनुसार सिस्टिमडी तिला पुन्हा उठवून पाहते, आणि ठरावीक प्रयत्न फसले (मूळ मर्यादा १० सेकंदांत ५) की ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ असे लिहून थांबते. हा नुसता परिणाम झाला. कारण पहिल्या प्रयत्नाच्या नोंदीत असते, म्हणून ‘जर्नलसीटीएल’ला सेवेसाठीचा ‘यू’ आणि याच बूटपुरता ‘बी’ असे दोन पर्याय देऊन लॉग सुरुवातीपासून वाचावा. मायएसक्यूएल स्वतःचा एरर लॉग /व्हार/लॉग/मायएसक्यूएल या फोल्डरमध्ये वेगळा ठेवतो, तोही उघडावा. दोन्हींत ‘एरर’ हा शब्द जिथे पहिल्यांदा येतो, ती ओळ खरी.

त्या ओळीत बहुधा एक आकडा असतो, आणि इंग्रजी मजकूर कितीही लांबलचक असला तरी निदान त्या आकड्यात असते. हे आकडे लिनक्सचे आहेत, डेटाबेसचे नाहीत, त्यामुळे कोणताही सर्व्हर असला तरी अर्थ तोच राहतो. २८ म्हणजे डिस्कवर जागा नाही. १३ म्हणजे परवानगी नाही. २ म्हणजे फाइल किंवा फोल्डर त्या जागी नाही. ९८ म्हणजे पोर्ट दुसऱ्याने आधीच धरले आहे. मायएसक्यूएलचे पोर्ट ३३०६, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचे ५४३२. ९९ म्हणजे सेटिंगमध्ये लिहिलेला आयपी पत्ता या घडीला यंत्राकडे नाही. ३० म्हणजे फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती उघडली आहे, आणि ५ म्हणजे डिस्क वाचताना किंवा लिहिताना प्रत्यक्ष चूक झाली. हे शेवटचे दोन दिसले तर डेटाबेस विसरावा आणि डिस्ककडे वळावे. आजारी डिस्कवर सर्व्हर पुन्हापुन्हा सुरू करून पाहणे म्हणजे उरलेसुरले घालवणे. आधी संपूर्ण डिस्कची प्रत दुसरीकडे घ्यावी. ११ हा आकडा ‘आयबीडेटा१’ या फाइलच्या नावाबरोबर आला तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. सर्व्हरची एक प्रत आधीच चालू आहे आणि दुसरीला कुलूप मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. चालू असलेली प्रत शोधावी. कुलपाची फाइल पुसून दुसरी प्रत उठवण्याच्या फंदात पडू नये. एकाच फायलींवर दोन सर्व्हर लिहू लागले तर डेटा खात्रीने बिघडतो. पोस्टग्रेसची ‘पोस्टमास्टर.पीआयडी’ फाइलही याच कारणासाठी असते. तिच्यात लिहिलेल्या क्रमांकाची प्रक्रिया पोस्टग्रेसची नाही हे पाहिल्याशिवाय तिला हात लावू नये.

आता पहिला वर्ग: हाताने उठतो, बूटबरोबर उठत नाही. सर्वांत साधे कारण म्हणजे सेवा ‘एनेबल’ केलेलीच नसते. ‘स्टार्ट’ ही आजची आज्ञा आहे, ‘एनेबल’ ही दर बूटची. पहिली देऊन दुसरी राहून गेली की यंत्र बंद होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरे कारण नेटवर्कचे, आणि पेठेत ते विशेष आढळते. लाइट आली की सर्व्हर, स्विच आणि राउटर एकदमच चालू होतात. सर्व्हरमध्ये एसएसडी असेल तर तो काही सेकंदांत तयार होतो. राउटरला मात्र पत्ते वाटायला मिनिटभर किंवा जास्त लागते. सर्व्हरचा पत्ता राउटरकडून मिळत असेल आणि डेटाबेसच्या ‘बाइंड-अ‍ॅड्रेस’मध्ये तोच पत्ता लिहिलेला असेल, तर उठण्याच्या क्षणी तो पत्ता अस्तित्वातच नसतो. ९९ क्रमांकाची चूक लिहून सर्व्हर मान टाकतो. पाच मिनिटांनी हाताने सुरू केला की पत्ता आलेला असतो, सर्व्हर उठतो, आणि सगळे म्हणतात की काही नाही, उगाच अडले होते. पुढच्या वळवाला तेच. यावर पक्का उपाय सर्व्हरला स्थिर पत्ता देणे हा. त्याशिवाय ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने सेवेच्या नोंदीत ‘आफ्टर’ आणि ‘वॉन्ट्स’ या दोन्ही ओळींत ‘नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट’ घालावे. नुसते ‘नेटवर्क.टार्गेट’ पुरत नाही. त्याने पत्ता मिळाल्याची हमी मिळत नाही. बिलिंगचा प्रोग्राम त्याच यंत्रावर असेल तर १२७.०.०.१ हा पत्ता ठेवावा. तो राउटरची वाट पाहत नाही.

तिसरे कारण डिस्क जोडण्याच्या क्रमाचे, आणि यात सर्वांत जास्त सावध राहावे लागते. डेटा दुसऱ्या डिस्कवर ठेवलेला असतो, आणि डिस्क सापडली नाही तरी यंत्र अडू नये म्हणून ‘एफएसटॅब’मध्ये ‘नोफेल’ लिहिलेले असते. एखाद्या सकाळी डिस्क उशिरा जोडली जाते किंवा केबल सैल असल्याने जोडलीच जात नाही. डेटाबेसला त्या जागी रिकामे फोल्डर दिसते. काही लिनक्स आवृत्त्यांत सेवेला जोडलेली स्क्रिप्ट रिकामे फोल्डर पाहून तिथे नवा कोरा डेटाबेस मांडते, सर्व्हर व्यवस्थित उठतो, आणि दुकानाचे एकही खाते त्यात नसते. अशा वेळी पायाखालची वाळू सरकते, पण खरा डेटा त्या न जोडलेल्या डिस्कवर जसाच्या तसा असतो. ‘डीएफ’ आणि ‘एलएसबीएलके’ या दोन आज्ञांनी कोणती डिस्क कुठे जोडली आहे ते दिसते. बॅकअप परत चढवण्याची घाई करू नये आणि कोऱ्या डेटाबेसवर बिले करू नयेत. पुढे दोन डेटाबेस एकत्र करणे फार जिकिरीचे होते. कायमची सोय म्हणून सेवेच्या नोंदीत ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ या ओळीत डेटाच्या फोल्डरचा मार्ग लिहावा. मग डिस्क जोडल्याशिवाय सर्व्हर उठतच नाही. डिस्क जिथे जोडली जाते त्याच फोल्डरला डेटा फोल्डर करू नये, त्याच्या आत एक फोल्डर करावे. पोस्टग्रेसच्या दस्तऐवजातही हाच सल्ला आहे.

चौथे कारण वेळमर्यादेचे. अचानक लाइट गेल्यावर डेटाबेस उठताना अपुरे व्यवहार निस्तरतो, आणि मोठ्या डेटाबेसला त्यासाठी बराच वेळ लागू शकतो. सिस्टिमडीची मूळ मर्यादा ९० सेकंदांची आहे. पॅकेजने ती वाढवली नसेल तर काम अर्ध्यावर असताना सर्व्हर मारला जातो, पुन्हा उठवला जातो, पुन्हा मारला जातो. लॉगमध्ये ‘टाइमआउट’ दिसले तर ‘टाइमआउट-स्टार्ट-सेक’ वाढवावे आणि सर्व्हरला त्याचे काम पुरे करू द्यावे.

हे निस्तरण्याचे काम कसे चालते ते समजून घेण्यासारखे आहे, कारण ते समजलेला माणूस लॉगच्या फायली पुसत नाही. पेठेतला व्यापारी व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितो आणि मग सवडीने खतावणीत चढवतो; खतावणी अर्धवट राहिली तरी कीर्दीवरून ती पुरी करता येते. डेटाबेसही बदल आधी लॉगमध्ये (वरचा एरर लॉग नव्हे, ही त्याची स्वतःची कीर्द) लिहितो, तो डिस्कवर उतरल्याची खात्री करतो आणि मगच व्यवहार पक्का झाल्याचे सांगतो. उठताना तो लॉग वाचून पक्के व्यवहार पुन्हा चढवतो आणि अपुरे मागे घेतो. या पद्धतीची शिस्तबद्ध मांडणी तेव्हा आयबीएममध्ये काम करणारे, मद्रासच्या आयआयटीतून शिकलेले सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ‘एरीज’ या नावाने प्रसिद्ध केली, आणि तिचा प्रभाव आजच्या बहुतेक डेटाबेसांवर आहे. मायएसक्यूएलमध्ये हा लॉग ‘आयबी_लॉगफाइल’सारख्या नावाच्या फायलींत असायचा; नव्या आवृत्त्यांत तो वेगळ्या फोल्डरमध्ये असतो. पोस्टग्रेसमध्ये त्याच्या फोल्डरच्या नावात पूर्वी ‘लॉग’ हा शब्द होता. जागा कमी पडली की लोक ते फोल्डर निरुपयोगी समजून पुसत आणि डेटाबेस गमावत. २०१७ मध्ये आलेल्या १० व्या आवृत्तीत नाव बदलून ‘पीजी_वॉल’ करण्यात आले.

दुसऱ्या वर्गात, म्हणजे हातानेही उठत नाही तेव्हा, आधी जागा पाहावी. ‘डीएफ’ने मोकळी जागा आणि ‘आय’ पर्यायाने आयनोड, दोन्ही. मायएसक्यूएल ८.० बायनरी लॉग मूळ सेटिंगने ३० दिवस ठेवतो आणि लहान डिस्क त्यानेच भरते. ते फोल्डरमध्ये जाऊन पुसू नयेत. आधी जुने बॅकअप किंवा डाउनलोड हलवून जागा करावी, सर्व्हर उठला की ‘पर्ज’ आज्ञेने काढावेत.

परवानगीचे प्रश्न बहुधा माणसाने केलेले असतात. रूट म्हणून फायली कॉपी केल्या की मालकी रूटकडे जाते आणि ‘मायएसक्यूएल’ या वापरकर्त्याला त्या उघडता येत नाहीत. मालकी बरोबर असूनही १३ येत असेल आणि डेटा नुकताच दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला असेल, तर उबुंटूत अ‍ॅपआर्मर आणि रेडहॅट घराण्यात एसईलिनक्स अडवत असते. त्याला नवी जागा सांगावी लागते. २ हा आकडा ‘/रन/मायएसक्यूएलडी’बरोबर आला तर कारण वेगळे आहे. ‘/रन’ हे मेमरीतले फोल्डर आहे, दर बूटला कोरे होते. हाताने केलेले उपफोल्डर तिथे टिकत नाही. सेवेच्या नोंदीत ‘रनटाइम-डिरेक्टरी’ लिहिले की सिस्टिमडी ते दर वेळी तयार करते.

सेटिंगची चूक कित्येक महिने दडून राहते. फाइल बदलली जाते, सर्व्हर मात्र जुन्या सेटिंगवर चालत राहतो आणि पहिल्या बूटला अडतो. आवृत्ती बदलली की हेच होते: ‘क्वेरी कॅश’ मायएसक्यूएल ८.० मधून काढून टाकला, त्यामुळे जुन्या फाइलमधली त्याची ओळ पाहून नवा सर्व्हर उठायलाच नकार देतो. म्हणून कालच्या रात्रीवर संशय घेण्याआधी मागचा बूट कधी झाला आणि त्यानंतर काय बदलले ते पाहावे. /व्हार/लॉग/एपीटी या फोल्डरमधला ‘हिस्टरी’ लॉग त्याची साक्ष देतो. मायएसक्यूएल ८.०.१६ पासून ‘व्हॅलिडेट-कॉन्फिग’ हा पर्याय आहे. सर्व्हर न उठवता सेटिंग तपासता येते.

फायलीच दुखावल्या असतील तर पहिले काम डेटा फोल्डरची संपूर्ण प्रत, सर्व्हर बंद असताना. त्यानंतरच ‘इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी’. त्याच्या १ ते ६ पायऱ्या आहेत. १ पासून सुरुवात करून जिथे सर्व्हर उठेल तिथे थांबावे, ‘मायएसक्यूएलडंप’ने डेटा बाहेर काढावा आणि नव्या जागी चढवावा. ४ पासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो, म्हणून त्या पायऱ्या मूळ फायलींवर कधीही वापरू नयेत, फक्त प्रतीवर. त्या अवस्थेत दुकान चालवू नये.

विंडोजवर एसक्यूएल सर्व्हर असेल तर वाचायचे ठिकाण इव्हेंट व्ह्यूअर. ७००० आणि ७००९ या नोंदी एकत्र दिसल्या तर सेवा ३० सेकंदांत तयार झालेली नाही. जुन्या, मंद यंत्रावर ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ लावल्याने बहुधा भागते. १०६९ ही चूक म्हणजे सेवेच्या खात्याला लॉगइन करता आले नाही; बहुधा त्याचा पासवर्ड बदलला गेलेला असतो.

दुरुस्ती झाली असे हाताने उठलेल्या सर्व्हरवरून ठरवू नये. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी आधी बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या यंत्रावर चढवून उघडतो का ते पाहावे. मग सर्व्हर रीतसर शटडाउन करावा, राउटर आणि स्विचही बंद करावेत, आणि लाइट परत येताना होते तसे सगळे एका स्विचने एकदम चालू करावे. कीबोर्डला हात न लावता काउंटरवरच्या संगणकावरून एक जुने बिल उघडले तर क्रम बरोबर बसला आहे. न उघडल्यास जर्नल पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावे.