तुलनात्मक लेखन : समुद्री पाणमांजर आणि नदीतील पाणमांजर

उद्दिष्टे

या पाठाचे अध्ययन केल्यानंतर तुम्हाला –
- तुलनात्मक लेखनात निकषाचे महत्त्व स्पष्ट करता येईल.
- प्राण्याचे नाव आणि त्याचे जीवन यांतील अंतर ओळखता येईल.
- समुद्री व नदीतील पाणमांजर यांतील साम्यभेद सांगता येतील.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, तुलना ही आपल्या रोजच्या बोलण्यातील क्रिया आहे. आठवडी बाजारात दोन ढिगांतील ज्वारी हातात घेऊन पाहताना आपण तुलनाच करीत असतो. बोलताना निकष उघडपणे सांगावा लागत नाही. ऐकणारा समोर असतो, ज्वारीही समोर असते. लेखनात मात्र वाचकासमोर केवळ शब्द असतात. म्हणून ‘कशाच्या आधारे तुलना केली?’ या प्रश्नाचे उत्तर लेखनातूनच मिळावे लागते.

या पाठासाठी मुद्दाम असे उदाहरण निवडले आहे, की ज्यात केवळ नावावर विसंबल्यास तुलना चुकते आणि त्या चुकीची किंमत एखाद्या प्राण्याला मोजावी लागते.

विषय-विवेचन

१. नावाचा विचार

मराठीत या प्राण्याला ‘पाणमांजर’ म्हणतात. वस्तुतः तो मांजराच्या कुळातील नाही. मुंगूस आपल्या ओळखीचे असले तरी त्याच्याही कुळातील नाही. त्याचे जवळचे आप्त म्हणजे बिजू आणि मार्टेन. कन्नड आणि तमिळ भाषकांना त्याच प्राण्यात कुत्रा दिसला. तेथे त्याला ‘नीरुनायी’, ‘नीर्नाय’ म्हणजे ‘पाण्यातील कुत्रा’ असे म्हणतात. प्राणी एकच; मराठी भाषकाने त्याची तुलना मांजराशी केली, कन्नड भाषकाने कुत्र्याशी. नाव ठेवणे हीसुद्धा एक संक्षिप्त तुलनाच असते, हे येथे ध्यानात घ्यावे.

मराठीतील जुना शब्द ‘ऊद’ हा संस्कृत ‘उद्र’पासून आला. ‘उदक’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. इंग्रजीतील ‘ऑटर’, रशियनमधील ‘विद्रा’ आणि ग्रीकमधील ‘हायड्रा’ हे शब्दही त्याच प्राचीन मूळापासून निघाले आहेत. आपण देवघरात जाळतो तो ऊद मात्र अरबीतून आलेला आहे. उच्चार एक, कुळे दोन. शिवाय ‘उदमांजर’ हे नाव आज झाडांवर वावरणाऱ्या एका निशाचर प्राण्यासाठी वापरले जाते. तो पाणमांजराहून अगदी वेगळा आहे. सारांश, नाव हा तुलनेचा आरंभ असू शकतो, पुरावा नव्हे.

२. निकष पहिला : घर कोठे आहे?

‘समुद्री’ आणि ‘नदीतील’ ही विशेषणे प्राणी कोठे दिसतो हे सांगतात, असे आपल्याला सहज वाटते. गोव्यातील चोडण बेटाच्या कांदळवनांत आणि सिंधुदुर्गातील खाड्यांत पाणमांजरे दिसतात. तेथील पाणी खारे असते. मग त्यांना समुद्री पाणमांजर म्हणावे काय?

गंगापूरहून रोज वाळूजच्या कारखान्यात येणाऱ्या कामगाराचा विचार करा. पाळीचे आठ तास तो वाळूजला असतो. परंतु त्याचे घर, मुलेबाळे, पाण्याचा हंडा गंगापूरला असतो. कोकणातील पाणमांजराची स्थिती अशीच आहे. ते मासे पकडण्यासाठी खाऱ्या पाण्यात उतरते. पण विश्रांती, बीळ आणि पिल्ले मात्र काठावर असतात. ही गुळगुळीत फर असलेली जात आहे. भारतात पाणमांजराच्या एकूण ३ जाती आढळतात : ही एक, दुसरी लहान नखांची आणि तिसरी युरेशियाई. तिन्ही जातींचे घर जमिनीवरच असते.

खरे समुद्री पाणमांजर ही स्वतंत्र जात आहे. तिचे शास्त्रीय नाव एनहायड्रा ल्युट्रिस. ती उत्तर प्रशांत महासागराच्या किनाऱ्यांवर, म्हणजे रशियाचा पूर्व किनारा, अलास्का आणि कॅलिफोर्निया येथे राहते. हिंदी महासागरात ती नाही. ती खाते, झोपते आणि पिल्लाला जन्म देते तेही पाण्यातच. तिच्यासाठी समुद्र हेच घर आहे.

३. निकष दुसरा : शरीराची घडण

देवमासा किंवा सील यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. समुद्री पाणमांजराला तो नाही. थंड पाण्यापासून त्याचे रक्षण करते ती फर. एका चौरस सेंटिमीटरमध्ये १ लाखाहून अधिक केस असू शकतात. इतकी दाट फर अन्य कोणत्याही प्राण्याला नाही. केसांत अडकलेली हवा कातडीपर्यंत पाणी पोहोचू देत नाही. म्हणूनच हा प्राणी दिवसाचा बराच वेळ फर साफ करण्यात घालवतो. शरीर उबदार ठेवण्यासाठी त्याला रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे पाव भागाइतके अन्न लागते. मोठ्या नराचे वजन ४५ किलोपर्यंत जाते. मागचे पाय वल्ह्यांसारखे रुंद असल्याने पोहणे सुलभ होते. चालणे मात्र अवघडते.

आपल्याकडील गुळगुळीत फरच्या पाणमांजराचे वजन साधारणतः ७ ते ११ किलो असते. चारही पायांच्या बोटांमध्ये पडदे असतात, पण पाय चालण्याइतके मोकळे असतात. शेपूट जाड व बळकट असून पोहताना तिचा उपयोग होतो.

मिठाच्या बाबतीतला भेद विशेष लक्षणीय आहे. समुद्री पाणमांजराची मूत्रपिंडे मोठी असल्याने ते समुद्राचे पाणी पिऊ शकते. याउलट स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या युरेशियाई पाणमांजरांना केसांतील मीठ धुण्यासाठी गोड्या पाण्याची डबकी लागतात. मीठ साचले की फर ऊब धरीत नाही.

४. निकष तिसरा : वर्तन

समुद्री पाणमांजर पाठीवर तरंगते, छातीवर दगड ठेवते आणि त्यावर शिंपले आपटून फोडते. हत्यार वापरणाऱ्या मोजक्या सस्तन प्राण्यांत त्याची गणना होते. पुढच्या पायाखालील कातडीच्या सैल पिशवीत ते अन्न साठवते. झोपताना लांब पट्ट्यांसारखे केल्प शैवाल अंगाभोवती गुंडाळते, म्हणजे प्रवाहाबरोबर वाहून जाण्याची भीती राहत नाही. मादीला बहुधा एकच पिल्लू होते आणि ती त्याला पोटावर घेऊन तरंगते.

गुळगुळीत फरची पाणमांजरे कुटुंबाने राहतात आणि मिळून मासे घेरतात. त्यांची ही सवय ओळखून बांगलादेशातील काही कोळी शिकवलेल्या पाणमांजरांकडून मासे जाळ्याकडे हाकून घेत आले आहेत. मादीला एका वेळी अनेक पिल्ले होतात व ती बिळात वाढतात. काठावरच्या ठरावीक जागी विष्ठा टाकून कुटुंबे आपली खूण ठेवतात.

५. तुलनेतून काय निष्पन्न होते?

समुद्री पाणमांजराचे संकट समुद्रातून आले. दाट फरसाठी त्याची इतकी शिकार झाली, की १९११ च्या आंतरराष्ट्रीय करारापर्यंत जगात जेमतेम १ ते २ हजार प्राणी उरले होते. पाणमांजरे गेली तेथे त्यांचे खाद्य असलेले काटेरी अर्चिन वाढले व त्यांनी केल्पची वने फस्त केली. शिकार थांबली आणि समुद्र राखला, तेव्हा काही किनाऱ्यांवर प्राणी व वने दोन्ही सावरली.

आपल्या पाणमांजराचे भवितव्य मात्र काठावर ठरते. खाडीकाठच्या प्राण्याला आपण ‘समुद्री’ म्हटले, तर वाचक समजेल की समुद्र आहे तोवर त्याला चिंता नाही. प्रत्यक्षात काठावरची झाडी तोडली, वाळू उपसली किंवा गोड्या पाण्याचा ओढा बुजवला, तर समोर अथांग पाणी असूनही ते बेघर होते. चुकीच्या विशेषणामुळे आपले लक्ष चुकीच्या जागी जाते. तुलनेचा निकष काळजीपूर्वक का निवडावा, याचे उत्तर येथे मिळते.

सारांश

तुलना करताना प्रथम निकष ठरवावा, दोन्ही बाजूंना तोच निकष लावावा आणि शेवटी निष्कर्ष सांगावा. केवळ भेदांची यादी म्हणजे तुलना नव्हे. प्रस्तुत उदाहरणात ‘कोठे दिसते?’ यापेक्षा ‘घर कोठे आहे?’ हा निकष अधिक उपयुक्त ठरला.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘नाव हा तुलनेचा आरंभ असू शकतो, पुरावा नव्हे’ हे विधान सोदाहरण स्पष्ट करा.
२. खाडीतील पाणमांजराला ‘समुद्री पाणमांजर’ म्हणणे का योग्य नाही?

क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील वडीलधाऱ्यांना नदीकाठच्या ५ प्राण्यांची त्यांच्या बोलीतील नावे विचारा. त्यांपैकी कोणत्या नावांत दुसऱ्या प्राण्याशी तुलना दडलेली आहे, ते नोंदवा. त्यांतील कोणते प्राणी आज तेथे दिसत नाहीत, हेही लिहा.